हृदयविकाराचा झटका आणि बायपास : प्रतीक्षाकाळाचा इतिहास
१९६७ मध्ये क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपास शस्त्रक्रिया रूढ केली. भारतात ती १९७५ मध्ये मद्रास येथे डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. झटक्यानंतर ती केव्हा करावी, हा वाद तेव्हापासूनचा आहे. प्रारंभी महिनाभर थांबण्याकडे कल होता. कारण इजा झालेल्या स्नायूत एकाएकी रक्त सोडल्यास तेथे रक्तस्राव होण्याची भीती असे. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय सुरक्षित राखण्याचे तंत्र सुधारले आणि स्थिर रुग्णाची प्रतीक्षा काही दिवसांवर आली. उस्मानपुऱ्यातील एखाद्या कुटुंबाला ‘अजून थांबा’ ही सूचना टाळाटाळ वाटते, तिच्यामागे हा अनुभव आहे. क्लोपिडोग्रेल सुरू असल्यास तेही साधारण ५ दिवस आधी थांबवितात. मात्र छातीतील कळ शमत नसेल वा रक्तदाब कोसळत असेल, तर थांबणेच घातक ठरते.