कॅसेट आणि हँडबिल

वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाच्या बांध्या आणि जंगल यांनी व्यापलेला जो मुलूख भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरला आहे त्याला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे दाट जंगल. धानाची कापणी-मळणी उरकत आली की दिवाळीपासून होळीपर्यंत या पट्ट्यात गावोगाव रात्रभर चालणारी नाटके होतात, आणि हा सगळा व्यवहार पुण्या-मुंबईची नाट्यगृहे, तिथले निर्माते किंवा वृत्तपत्रांतली परीक्षणे यांच्या भरवशावर कधी राहिलेला नाही. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाट्यकंपन्यांचे मुख्य ठाणे. गावातले मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, तारीख बांधते, हँडबिले वाटते, आणि कंपनीला कबूल केलेली रक्कम तिकीटविक्रीतून उभी करते. थ्रॅश मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचा आरंभ अभ्यासताना हा व्यवहार डोळ्यांपुढे ठेवला, तर त्या संगीताचा वेग आणि त्याचा खरखरीतपणा हे ते ज्या वाटेने लोकांपर्यंत पोचले त्या वाटेशी किती घट्ट बांधलेले आहेत, हे ध्यानात येते.

थ्रॅश मेटल हा हेवी मेटलचा अतिवेगवान प्रकार होय, आणि हेवी मेटलचे मूळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आहे. ब्लॅक सबाथ या तिथल्या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये निघाला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती, आणि वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या त्या बोटांवर चढवून, हलक्या तारा लावून त्याने वादन पुढे चालू ठेवले. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्राच्या धुरात वाढलेल्या चंद्रपूरच्या वाचकाला या संगीतातला जडपणा कुठून आला असेल हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. थ्रॅशचा दुसरा झरा मात्र वेगळा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पंक संगीताचा एक कडवा, आटोपशीर आणि रागीट फाटा फुटला, त्याला हार्डकोर पंक म्हणतात; त्यातली गाणी अनेकदा दोन मिनिटांच्याही आत संपत, एकल गिटारवादनाचा विस्तार जवळपास नसे, कार्यक्रम भाड्याच्या सभागृहांत आणि तळघरांत होत, आणि तबकड्या बँडवाले स्वतःच काढत. कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक फ्लॅगने त्यासाठी एसएसटी नावाची स्वतःची कंपनीच चालवली. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातल्या डिस्चार्ज या बँडने १९८२ साली काढलेल्या पहिल्या मोठ्या अल्बममध्ये तर हार्डकोरची धाव आणि मेटलचे वजन यांच्यातले अंतर फार थोडे उरले होते.

या दोन प्रवाहांचा संगम ज्या पहिल्या अल्बममध्ये ठळकपणे झाला, तो मेटालिका या बँडचा ‘किल एम ऑल’. ड्रम वाजवणारा लार्स उलरिक हा डेन्मार्कमधून आलेला, टेनिसपटूंच्या घराण्यातला मुलगा. त्याने १९८१ साली लॉस एंजेलिसच्या एका जाहिरात-पत्रात दिलेल्या छोट्या जाहिरातीतून गायक व गिटारवादक जेम्स हेटफील्डशी त्याची गाठ पडली. पुढच्या वर्षी मेटल ब्लेड कंपनीच्या ‘मेटल मॅसकर’ या संकलनात त्यांचे एक गाणे आले, पण पहिल्या आवृत्तीवर बँडच्या नावात ‘टी’ हे अक्षर चुकून दोनदा छापले गेले. संकलनाची तबकडी अशी चुकीच्या नावाने फिरत असतानाच, जुलै १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘नो लाइफ टिल लेदर’ ही सात गाण्यांची कॅसेट त्यांचे खरे नाव दूरवर घेऊन गेली. अशा नमुन्याच्या मुद्रणाला डेमो म्हणतात. ही कॅसेट दुकानांतून विकली गेली नाही. एकाने दुसऱ्यासाठी प्रत काढायची, दुसऱ्याने ती टपालाने तिसऱ्या गावच्या अनोळखी रसिकाला पाठवायची आणि बदल्यात दुसरी कॅसेट मागवायची, अशी ती अमेरिकेत आणि युरोपात पसरली. या देवाणघेवाणीला टेप ट्रेडिंग असे नाव होते, आणि तिची माहिती देणारी हौशी मासिके रसिक स्वतः टंकलिखित करून, छायाप्रती काढून वाटत.

अशीच एक प्रत न्यू जर्सीतल्या जॉन झझुला याच्यापर्यंत पोचली. तो आणि त्याची पत्नी मार्शा आठवडी बाजारासारख्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारात तबकड्यांचे दुकान मांडत. तोवर बासवादक क्लिफ बर्टन बँडमध्ये यावा म्हणून मेटालिकाने आपला मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हलवला होता. झझुलाने बोलावल्यावर ही पोरे भाड्याच्या मालमोटारीत सामान भरून अमेरिका आडवी ओलांडून पूर्व किनाऱ्यावर आली. तिथे एप्रिल १९८३ मध्ये गिटारवादक डेव्ह मस्टेन याला काढून टाकून बसने परत पाठवण्यात आले आणि एक्सोडस या बँडमधला कर्क हॅमेट त्याच्या जागी आला. मस्टेनने पुढे मेगाडेथ हा बँड काढला, तरी ‘किल एम ऑल’मधल्या चार गाण्यांवर रचनाकार म्हणून त्याचे नाव कायम आहे. मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी अल्बमचे मुद्रण झाले. कोणतीही प्रस्थापित कंपनी तो काढायला तयार नव्हती, म्हणून झझुला दांपत्याने मेगाफोर्स नावाची कंपनी स्वतःच उभी केली आणि २५ जुलै १९८३ रोजी अल्बम बाजारात आणला. बँडने आधी सुचवलेले शिवराळ नाव वितरकांनी नाकारले, तेव्हा बर्टनच्या तोंडून त्यांच्याविषयी जो संतापाचा उद्गार निघाला तोच अल्बमचे नाव झाला.

या अल्बममधले ‘व्हिपलॅश’ हे गाणे जवळून ऐकले तर दोन्ही प्रवाह एकमेकांत कसे मिसळले ते कळते. हेटफील्ड उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांच्या मुळाशी टेकवतो, त्यामुळे सूर घुमत राहत नाही, तो कापल्यासारखा तुटतो. आणि हाच तुटका आघात तो मिनिटाला सुमारे २०० ठोक्यांच्या गतीने पुनःपुन्हा करत जातो. गिटारवर आवर्तनासारख्या फिरून येणाऱ्या अशा लहान स्वरबंधाला रिफ म्हणतात. ही रिफ बांधेसूद आहे, तिच्यात मेटलची गणिती शिस्त आहे. मात्र तिच्याखाली धावणारा ड्रमचा ठेका आणि गाण्यापेक्षा आरोळीला जवळचा असलेला आवाज हे हार्डकोरचे देणे आहे. त्याच तबकडीवर बर्टनने वाजवलेली बासची दीर्घ रचना आहे, आणि हार्डकोरच्या मंचावर असा विस्तार कोणी केला असता असे वाटत नाही.

पंकचा हा प्रभाव शब्दांपेक्षा चालीत अधिक आहे, हे इथे स्पष्ट करणे जरूर आहे. डिस्चार्ज किंवा सॅन फ्रान्सिस्कोचे डेड केनेडीज सत्ता, युद्ध आणि अण्वस्त्रे यांवर थेट बोलत होते. ‘किल एम ऑल’मधली बहुतेक गाणी वेग, मंच आणि झुंज यांच्यातच रमतात, आणि अणुयुद्ध व मृत्युदंड हे विषय मेटालिकाच्या लेखनात १९८४च्या दुसऱ्या अल्बमपासून येतात. विचार येण्याआधी चाल आली, आणि चालीनेच पुढे विचाराला जागा करून दिली, असा हा क्रम आहे. बर्टनच्या दंडावर मिसफिट्स या पंक बँडच्या चिन्हाचे गोंदण होते. मेटालिकाने मिसफिट्सची गाणी १९८७ साली आणि डिस्चार्जची १९९८ साली स्वतः वाजवून हे ऋण उघडपणे मान्य केले. दुसऱ्या बाजूने ह्यूस्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला आलेला डी.आर.आय. हा हार्डकोर बँड मेटलकडे सरकत गेला, आणि त्याच्या १९८७च्या ‘क्रॉसओव्हर’ या अल्बमच्या नावाने हा मिश्र प्रकार आजही ओळखला जातो.

आता वाटेचा मुद्दा. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर का चालते, याचे जे कारण तिथले लोक सांगतात ते नाट्यशास्त्रातले नाही; दूरदूरच्या गावांहून बंड्या जुंपून आलेल्या माणसांना जंगलातून रात्री परत जाणे शक्य नसे, म्हणून उजाडेपर्यंत त्यांना धरून ठेवणारे नाटक हवे होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हाही आतल्या तालुक्यांत बारमाही रस्ते थोडेच होते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी जी सांगड पडली तीही माणसे एकदा जमली की दोन्ही उरकावे या हिशेबाने. उघड्या मंडपात हजारोंच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे म्हणून संवादाचा सूर चढा, गाणी भरपूर, आणि दंडार व खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांतून आलेला विनोद ठसठशीत. शहरी प्रेक्षकाला जो भडकपणा वाटतो तो मंडपाच्या मापाने बेतलेला आवाज आहे. थ्रॅशच्या वाटेचेही तसेच. प्रतीची प्रत काढत गेलेल्या कॅसेटवर सूक्ष्म, रेंगाळणारे स्वर टेपच्या खरखरीत बुडून जातात, मात्र तळव्याखाली कापलेला आघात चौथ्या प्रतीतही ओळखू येतो. थ्रॅशचा कोरडा, तुटक नाद त्या कॅसेटांवर इतका टिकला यात या वाटेचाही वाटा मानावा लागतो. अर्थात साम्य इथवरच आहे. झाडीपट्टीचा मंडप म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सबंध गावाचा असतो, तर थ्रॅशचा मंच जवळजवळ केवळ तरुणांचा होता.

महाराष्ट्रात हे संगीत प्रथम मुंबईत रुजले, तेही कॅसेटांवरूनच. धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर १९८६ साली सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव कित्येक वर्षे त्याचे माहेरघर होता. परिसर शांतता क्षेत्रात येत असल्याने तिथले कार्यक्रम पुढे बंद झाले. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचा पहिला अल्बम २००० साली निघाला, आणि त्याचा सूत्रधार साहिल मखीजा याने झझुलांप्रमाणेच आपली स्वतःची तबकडी-कंपनी काढली. मेटालिका स्वतः भारतात वाजली ती ३० ऑक्टोबर २०११ रोजी, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर.

पाच हजारांच्या आसपास प्रयोगांत भूमिका केलेले गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी, एप्रिल २०१५ मध्ये, मेटालिकाने ‘नो लाइफ टिल लेदर’ अधिकृतपणे विक्रीला काढली तेव्हा तिच्यासाठी सीडी न निवडता पुन्हा कॅसेटच निवडली, आणि तिच्या वेष्टनावर गाण्यांची नावे उलरिकच्या १९८२च्या हस्ताक्षरात, जशीच्या तशी छापली.