पोलिसांना अडवणारा उंबरठा

इंग्लंडमधील 1604 च्या सेमेनच्या खटल्यात प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला असल्याचे तत्त्व मांडले गेले. मात्र राजाच्या कामासाठी आलेल्या शेरीफला, येण्याचे कारण सांगून व दार उघडण्याची विनंती करूनही ते उघडले न गेल्यास, फोडण्याची मुभाही त्याच निकालाने दिली. अमेरिकेत 1791 च्या चौथ्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण राज्यघटनेत आणले आणि वॉरंट, म्हणजे दंडाधिकाऱ्याने कारणे पाहून दिलेला लेखी हुकूम, नसलेल्या पोलिसांना सामान्यतः दारातूनच परत पाठवणे नागरिकाला शक्य झाले.

किल्ल्याचा धनी मात्र पतीच मानला जाई. नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1868 मध्ये पत्नीला छडीने मारणाऱ्या ऱ्होड्सला शिक्षा दिली नाही, आणि त्याचे कारण पतीला मारण्याचा हक्क असतो हे नव्हे, तर किरकोळ इजेसाठी कुटुंबाच्या कारभारात डोकावू नये, हे सांगितले. या उदासीनतेला खरा तडा गेला तो थेट 1970 च्या दशकातील स्त्री-चळवळीमुळे. 1977 मध्ये ओरेगॉन राज्याने घरगुती मारहाणीच्या प्रसंगी अटक पोलिसांवर बंधनकारक केली.

हे दोन प्रवाह 2006 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील जॉर्जिया विरुद्ध रँडॉल्फ खटल्यात समोरासमोर आले. पत्नीने झडतीला संमती दिली, दारात हजर असलेल्या पतीने नकार दिला, तरी पोलीस आत गेले आणि त्यांना कोकेनचे अंश सापडले. न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी पतीचा नकार ग्राह्य धरला. अशा निकालाने मार खाणाऱ्या स्त्रीची मदत दाराबाहेरच अडेल, अशी भीती सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी भिन्नमतात व्यक्त केली. त्यावर बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. सूटर यांनी पुरावा शोधण्यासाठी आत जाणे आणि कोणाला वाचवण्यासाठी आत जाणे या वेगळ्या गोष्टी असल्याचे सांगितले. धोका असल्याचे सबळ कारण दिसल्यास कोणाचाही नकार पोलिसांना रोखू शकत नाही, हे त्यांचे उत्तर पुरेसे होते.

तरीही 2014 च्या फर्नांडिस विरुद्ध कॅलिफोर्निया खटल्यात, नकार देणाऱ्याला जोडीदाराच्या मारहाणीच्या संशयावरून अटक करून नेल्यावर, जखमी स्त्रीने सुमारे तासाभराने दिलेली संमती न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पुरेशी मानली. मारहाण करणारा कोठडीत असताना वॉरंट मिळवणे सहज शक्य होते, हा न्या. गिन्सबर्ग यांचा आक्षेप रास्त होता. या निकालाने सोय झाली ती पीडितेपेक्षा पोलिसांचीच अधिक.