जेसी जेम्स आणि जोडेघाट

हेन्री किंग यांचा १९३९ सालचा ‘जेसी जेम्स’ हा चित्रपट आम्ही वांकिडीत प्रथमच पाहिला. रेल्वेचे हस्तक शेतकऱ्यांच्या जमिनी बळकावतात, घरात बॉम्ब टाकून आईचा बळी घेतात आणि टायरन पॉवरचा जेसी दरोडेखोर बनतो. इतिहास निराळा आहे. जेसी गुलाम बाळगणाऱ्या घरातला, यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला. १८७५ च्या हल्ल्यात आईचा हात गेला, जीव नव्हे, आणि हल्लेखोर होते खाजगी गुप्तहेर.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, आपल्या शेजारी जोडेघाटात कोमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. सरकारलेखी तेही बंडखोरच. मात्र येथील जमिनीचे गाऱ्हाणे कोणा पटकथाकाराने रचलेले नव्हते. बंडानंतर निजाम सरकारच्या सांगण्यावरून फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंडांची स्थिती अभ्यासली. राखीव जंगलातून गोंड उठविले गेले, आणि पट्टे पुष्कळदा बाहेरून आलेल्या मराठी व तेलुगू कास्तकारांच्या नावे झाले, असे त्यांनी नोंदविले आहे.

जेसीच्या कथेत वसाहतकरी शेतकरी हाच पीडित. भीमांच्या कथेत आपल्या पणजोबांची जागा कोणती? घरोघरच्या जुन्या पट्ट्यांवर साले आहेत. ती एकदा वाचावीत. वांकिडीचा जिल्हा २०१६ पासून भीमांच्याच नावाचा आहे, आणि आपल्या पट्टा पासबुकावर आता तेच नाव येते.