दादा म्हणजे बहीण!



आपल्या घरात ‘दादा’ अशी हाक गेली की मोठा भाऊ ओ देतो. गावच्या पुढाऱ्यालाही आपण दादा म्हणतो आणि गल्लीत दमदाटी करणाऱ्यालाही. ‘दादागिरी’ त्यातूनच आली. आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया आणि टांझानिया हे देश आहेत. तिथे स्वाहिली भाषा बोलतात. तिथे ‘दादा’ अशी हाक मारली तर बहीण वळून बघते! आणि ‘काका’ म्हटलं तर भाऊ.

हे ऐकून आपल्याला वाटतं, हा शब्द नक्की आपल्याकडूनच तिकडे गेला असणार. जाताना भावाची बहीण झाली, एवढंच. पण हे इतकं सोपं नाही. कसं ते बघू.

आधी भाषांची नाती पाहू. हिंदीत दादा म्हणजे आजोबा, वडिलांचे वडील. बंगालीत दादा म्हणजे मोठा भाऊ. मराठी, हिंदी, बंगाली या बहिणी-बहिणी आहेत. एका घरातल्या भाषांमध्ये अर्थ थोडा इकडेतिकडे सरकतोच. स्वाहिली मात्र बांटू घराण्यातली. तिचं आणि मराठीचं रक्ताचं नातं नाही.

मग शेजार होता का? होता, आणि फार जुना. हिवाळ्यातल्या वाऱ्यावर आपल्याकडची गलबतं आफ्रिकेला जात आणि पावसाळी वाऱ्यावर परत येत. ‘स्वाहिली’ हे नावच किनारा या अर्थाच्या अरबी शब्दावरून पडलं आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, तो तिथल्याच मालिंदी बंदरातून वाटाड्या घेऊन. पुढे इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्या भागात रुपयाही चालत होता.

माणसं गेली की शब्द जातातच. स्वाहिलीत ‘चपाती’ म्हणजे चपाती. ‘गारी’ म्हणजे गाडी. ‘बिमा’ म्हणजे विमा. ‘लाकी’ म्हणजे एक लाख. उसना गेलेला शब्द बहुधा आपली वस्तू सोबत घेऊन जातो. चपाती तिकडे जाऊन भात झाली नाही. म्हणून दोन शब्द सारखे ऐकू आले की इतिहास शोधणारे तीन गोष्टी विचारतात. या भाषांचं मूळ एक आहे का? या लोकांची गाठभेट झाली होती का? आणि अर्थ जुळतो का? दादाच्या बाबतीत गाठभेट आहे, पण मूळ एक नाही आणि अर्थही जुळत नाही. मग सारखेपणा आला कुठून?

त्याचं उत्तर आपल्याच मांडीवर आहे. पाच-सहा महिन्यांचं बाळ काय बोलतं? मा-मा, बा-बा, दा-दा, का-का. ओठ मिटून उघडले की मा आणि बा. जीभ वर टेकून सुटली की दा. हे आवाज सोपे, म्हणून सगळ्या जगातली बाळं ते काढतात. बाळाला त्यातून काही सांगायचं नसतं. अर्थ लावतात ती घरातली मोठी माणसं. बाळ ‘दादा’ म्हणालं की आपण म्हणतो, बघा, भावाला हाक मारली! स्वाहिली घरात म्हणतात, बहिणीला हाक मारली! रोमान याकोब्सन नावाच्या भाषापंडितांनी १९५९ च्या सुमारास हे नीट समजावून सांगितलं. त्याच वेळी जॉर्ज मर्डॉक या अभ्यासकांनी जगभरातले आई आणि बाप या अर्थाचे १०७२ शब्द गोळा केले. आईच्या निम्म्याहून थोड्या अधिक शब्दांत म किंवा न हे आवाज निघाले.

पण तो काही नियम नाही. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आपल्याकडे आईचा भाऊ. ‘बाबा’ आपल्याकडे वडील, स्वाहिलीतही वडील. पण रशियन आणि जपानी भाषांत बाबा म्हणजे म्हातारी बाई. आवाज तोच, माणूस वेगळा. म्हणून कोणी नुसते शब्द जुळवून सांगू लागलं की साऱ्या जगाची भाषा आमच्यातूनच निघाली, तर वरचे तीन प्रश्न विचारायचे.

आता आणखी एक गोष्ट. टांझानियात घरकाम करणाऱ्या मुलीलाही ‘दादा’ म्हणतात, म्हणजे ताई. ऐकायला गोड आहे. पण बहीण म्हटलं की कामाचे तास कोण मोजणार, आणि सुट्टी कोण मागणार? आपल्याकडे ‘बाई’ या शब्दाचं पाहा. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, यांच्या नावात तो मानाचा शब्द. शाळेत शिकवतात त्याही बाई. आणि शहरात ‘आज बाई आली नाही’ म्हटलं की भांडी घासणारी. नावाने हाक मारायचीही गरज वाटत नाही. आपल्या गावातल्या कितीतरी जणी शहरात जाऊन हीच हाक ऐकतात. आपल्या राज्यात २००८ सालचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्यात तिला बाई किंवा ताई म्हटलेलं नाही, ‘कामगार’ म्हटलं आहे. त्या शब्दासोबत नोंदणी येते, हक्काची गोष्ट येते.

बाळाच्या दा-दाला जसा आपण अर्थ देतो, तसाच या हाकांनाही आपणच देतो. पुढच्या बैठकीत एक करा. गटात कोणी सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली असेल, तिला ‘ताई’ म्हणजे काय ते विचारा. कानडीत ‘तायी’ म्हणजे आई, हिंदीत ‘ताई’ म्हणजे मोठी काकू. आणि शहरात कामाला जाणाऱ्या मैत्रिणीला विचारा, तिथे तुला काय म्हणून हाक मारतात, आणि तुला काय म्हटलेलं आवडेल?