दाग, चेहरा आणि 'पासिंग' : वऱ्हाडांतील मालमोटारींच्या वार्षिक तपासणीच्या कागदांविषयीं

सनदा, महजर आणि करीने वाचण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्या वाचकांपुढें मोटारगाडीच्या 'पासिंग'चे कागद ठेवणें हें कांहींसें धाडस वाटेल. परंतु कागद जुना झाला म्हणजेच तो इतिहासाचें साधन होतो असें नाहीं. आज जो कागद गाडीच्या कप्प्यांत तेलकट होऊन पडला आहे तोच पन्नास वर्षांनीं कोणातरी संशोधकाच्या हातीं येणार आहे. अकोल्यास जुनी मालमोटार, मग ती टेंपो असो, मॅटेडोर असो कीं हल्लींचा 'छोटा हत्ती' असो, विकत घेणारा मनुष्य प्रथम विचारतो तें हें कीं, पासिंग कधींपर्यंत आहे? ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. ही गाडी दरसाल तपासणींत भरवशानें उतरते काय? ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कागदांवरून काढतां येतें कीं नाहीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लोक ज्यास पासिंग म्हणतात त्याचें कायद्यांतील नांव योग्यता प्रमाणपत्र. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत तें ३८ व्या कलमांत होतें. १ जुलै १९८९ पासून अंमलांत आलेल्या १९८८ च्या कायद्यांत तें ५६ व्या कलमांत आलें. आशय दोहोंचा एकच : वाहतुकीच्या गाडीस हें प्रमाणपत्र नसेल तर तिची नोंदणीच झालेली नाहीं असें समजावें. मुदत संपली कीं रस्त्यावर उभी असलेली गाडी कायद्याच्या दृष्टीनें नाहींशी होते. १९८९ च्या केंद्रीय नियमांपैकीं ६२ वा नियम मुदत ठरवितो, व प्रमाणपत्राच्या नमुन्याचा अंक ३८ आहे. (जुन्या कलमाचा आणि नव्या नमुन्याचा अंक एकच यावा हा केवळ योगायोग, पुढील संशोधकानें ह्यावरून घोटाळा करूं नये.) नव्या गाडीस दोन वर्षें व पुढें दरसाल एक, असा क्रम पुष्कळ वर्षें होता. २०१८ सालीं तो बदलून आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस दोन वर्षांनीं एकदां व त्यापुढें दरसाल, असा झाला. सबब 'वार्षिक' तपासणी ही आतां मुख्यत्वें जुन्या, बहुधा एकदोन हात बदललेल्या गाडीच्याच वांट्यास येते.

वऱ्हाडच्या कागदांत एक अडचण अधिक आहे. १८५३ च्या तहानें हा मुलूख इंग्रजांकडे तोडून दिला गेला तरी नांवानें तो निजामाचाच राहिला, व १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथें आपोआप लागू होत नसे, त्यास निराळा हुकूम लागे. १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमानें ह्या गुंत्यांतील पुष्कळ भाग उलगडला. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं अकोला व अमरावती हे जिल्हे मुंबई राज्यांत आले, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. म्हणून १९५० च्या सुमारास अकोल्यास नोंदलेली एखादी मालमोटार पंधरा वर्षें चालली असेल तर तिच्या कागदांवर तीन राज्यांचे शिक्के असावयास हवेत. अलीकडचे कागद ओळखणें सोपें आहे. अकोल्यास एमएच ३०, अमरावतीस एमएच २७. वाशीमचा ३७ हा अंक मागाहूनचा, कारण तो जिल्हाच १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून वेगळा झाला. १९९८ पूर्वींच्या एखाद्या वाशीमकराच्या गाडीवर ३० हा अंक दिसला तर त्यांत संशयास जागा नाहीं.

आतां तपासणींत काय पाहतात तें सांगूं. ६२ व्या नियमाखालीं एक तक्ता आहे. समोरच्या दिव्यांचा झोत, इतर दिवे, परावर्तक, मागचें पाहण्याचा आरसा, कांच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, वेग दाखविणारा काटा आणि स्टेअरिंग, अशीं तीं कलमें आहेत. वाचणारास हीं क्षुल्लक वाटतील. परंतु वऱ्हाडांतील दहा-बारा वर्षांच्या मालमोटारीस त्यांतलें प्रत्येक कलम परीक्षेचेंच ठरतें. येथील उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या उन्हांत रबर कडक होतें, वायपरचें पातें चिरतें, टायरच्या कडेस भेगा पडतात. काळ्या मातीची धूळ ब्रेकच्या ड्रमांत शिरते. कपाशीचीं बोचकीं हलकीं दिसलीं तरी त्यांचा ढीग गाडीच्या अंगाबाहेर जातो, आणि डाळ व सरकी ह्यांचें ओझें कमानपाट्यांवर बसतें. वेगाचा काटा तर बहुतेक जुन्या गाड्यांत मेलेलाच असतो. चालकास त्याची गरज वाटत नाहीं, नियमास मात्र वाटते.

तपासणीच्या वेळीं आणखी एक गोष्ट होते, व ती आमच्या वाचकांस विशेष रुचेल. गाडीच्या सांगाड्यावर जो चेसिसचा अंक ठोकलेला असतो त्यावर कागद धरून पेन्सिल घांसतात आणि अंकाची छाप उमटवून घेतात. शिलालेखाचा ठसा घेणारास ही क्रिया परकी वाटणार नाहीं. हेतूहि तोच : मजकूर डोळ्यांनीं वाचून उतरला तर हात चुकतो, किंवा चुकविला जातो, दगडास अथवा लोखंडास चिकटलेला कागद सहसा खोटें बोलत नाहीं.

गाडीची ओळख आणि गाडीची लायकी ह्या दोन गोष्टी एकाच वेळीं तपासण्याची ही रीति नवी नाहीं. अकबरानें इ. स. १५७३-७४ च्या सुमारास घोड्यांस डाग देण्याची व स्वारांचे 'चेहरे' लिहून ठेवण्याची पद्धति पक्की केली. चेहऱ्यांत स्वाराचें व त्याच्या बापाचें नांव, वर्ण, अंगावरील व्रण, आणि घोड्याचा रंग व डाग हे सर्व नमूद होई. मोंगलांच्या दक्षिणेंतील कारभाराचे असे चेहरे शहाजहानाच्या व औरंगजेबाच्या कारकीर्दींतले मोठ्या संख्येनें हैदराबादच्या दफ्तरखान्यांत राहिले आहेत. वऱ्हाड १५९६ पासून मोंगलांकडे गेलें व अकोल्याजवळचें बाळापूर हें त्यांचें मोठें ठाणें झालें. मिर्झा राजा जयसिंगाची छत्री तेथें आजहि उभी आहे. तेव्हां ज्या रस्त्यानें आज मालमोटारी अकोल्यास पासिंगला येतात त्याच्या आसपासच एके काळीं घोडीं मोजदादीस उभीं राहत असावींत, असें मानण्यास हरकत नाहीं.

साम्य येथेंच संपत नाहीं. अकबराच्या दरबारांतील बदाऊनीनें तक्रार लिहून ठेवली आहे कीं, मनसबदार हजिरीच्या दिवसापुरते विणकर, पिंजारी, सुतार असल्या लोकांस उसन्या घोड्यांवर बसवून आणीत, डाग मिळाला कीं त्यांस निरोप देत. मेस्त्र्यांच्या व चालकांच्या तोंडीं पासिंगपुरत्या उसन्या टायरांच्या गोष्टी ऐकूं येतात त्या ह्याच जातीच्या आहेत. गाडी रंगते, परावर्तक पट्ट्या चिकटतात, चार चांगले टायर चढतात. गाडी पास झाली कीं टायर ज्याचे त्याला परत. ह्या गोष्टींपैकीं किती खऱ्या व किती रंगविलेल्या हें मोजण्याचें माप नाहीं. परंतु कागदास ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं, हें मात्र निश्चित.

आणि फसवणूक गाडीवाल्याकडूनच होते असेंहि नाहीं. गाड्या नीट न तपासतां प्रमाणपत्रें दिलीं जातात अशी जनहित याचिका पुण्याच्या एका नागरिकानें मुंबई उच्च न्यायालयांत केली होती. २०१६ सालीं न्यायालयानें तपासणीच्या पद्धतीविषयीं विस्तृत निर्देश दिले. ब्रेकची परीक्षा २५० मीटर लांबीच्या चाचणीपथावरच झाली पाहिजे हा त्यांतला मुख्य, व ज्या कार्यालयांस असा पथ नव्हता त्यांचें काम पुढें अडलें. जानेवारी २०१८ मध्यें तपासणींत कसूर केल्यावरून राज्यांतील तिसांहून अधिक परिवहन अधिकारी निलंबित झाले. सबब महाराष्ट्रांतील योग्यता प्रमाणपत्र हाताळतांना त्याची तारीख २०१६ च्या अलीकडची कीं पलीकडची हें प्रथम पाहावें. अलीकडचें प्रत्येक प्रमाणपत्र खरें आणि पलीकडचें प्रत्येक संशयास्पद, असा मात्र आमचा आशय नाहीं. दोहोंचें वजन एकच धरूं नये, इतकेंच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ५६ व्या कलमांत एक वाक्य आहे, त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. अधिकाऱ्यानें प्रमाणपत्र नाकारल्यास नाकारण्याचीं कारणें त्यानें मालकास लेखी द्यावीं, असें तें आहे. म्हणजे गाडी उतरली तर जो कागद होतो तो पुढें वर्षभर गाडींत बाळगावा लागतो, पोलिसास, विमेवाल्यास व गिऱ्हाइकास दाखवावा लागतो, आणि म्हणून तो जपला जातो. गाडी नापास झाली तर जो कागद होतो तो ज्याच्या हातीं दिला जातो त्यासच तो नाहींसा व्हावा असें वाटत असतें. ब्रेक दुरुस्त करून तीच गाडी पुन्हां उभी केली कीं नवें प्रमाणपत्र मिळतें, व पहिल्या अपयशाचा त्यावर उल्लेख नसतो. दहा वर्षांचीं दहा प्रमाणपत्रें ओळीनें पाहणारास ती गाडी कधींच नापास झाली नाहीं असें वाटेल. जयपत्रें राहतात आणि हार झालेल्या पक्षाचे कागद नाहींसे होतात, हा अनुभव दिवाणी कज्ज्यांचीं दफ्तरें चाळणारास नवा नाहीं. पण तेथें निदान दोन पक्ष असतात. येथें दोन्ही कागद एकाच मालकाच्या घरांत, आणि एक चुलींत.

ह्या बाबतींत विलायतेची पद्धति निराळी आहे. तेथें १९६० सालीं वाहतूक खात्याच्या नांवावरून ओळखली जाणारी परीक्षा सुरू झाली, ती आरंभीं दहा वर्षांवरील गाड्यांस होती. ३,००० ते ३,५०० किलोग्रॅम वजनाच्या मालवाहू व्हॅनांचा तींत निराळाच वर्ग आहे. नोंदी यंत्रावर येऊं लागल्यापासून कोणत्याहि गाडीचा अंक घालून ती केव्हां उतरली, केव्हां नापास झाली व कशामुळें, हें कोणासहि पाहतां येतें. जुनी व्हॅन घेणारा तेथें भरवसा मोजूं शकतो. अकोल्याचा गिऱ्हाईक गाडीखालीं वांकून पाहतो आणि ओळखीच्या मेस्त्र्यास बरोबर नेतो. आमच्या मतें तो चूक करीत नाहीं. त्याच्यापुढें असलेल्या कागदांची लायकी त्यानें बरोबर ओळखली आहे.

तरी कागद अगदींच मुके नाहींत. एका प्रमाणपत्राची मुदत कोणत्या दिवशीं संपली आणि दुसरें कोणत्या दिवशीं सुरू झालें, ह्या दोन तारखांमधील अंतर पाहावें. गाडी पहिल्या फेरींत उतरली तर अंतर बहुधा राहत नाहीं. महिना दीड महिना अंतर पडलें तर गाडी एकतर मेस्त्र्याकडे होती, नाहींतर मालकाकडे पैसा नव्हता. आणि पुष्कळदां दोन्ही. येथें त्या काळांतील गॅरेजचें बिल हाताशीं असेल तर प्रश्न सुटतो. ब्रेक लायनर, किंगपिन, पाटे ह्यांचीं नांवें ज्या बिलांत अंतराच्या आंत येतात तें बिल म्हणजे हरवलेल्या नकारपत्राची सावलीच होय. कपाशीचा हंगाम दसऱ्यापासून चढतो. त्यापूर्वीं पडलेलें अंतर पावसाळ्यांत गाडी रिकामी असल्यामुळेंहि असेल, परंतु मार्गशीर्ष-पौषांत पडलेलें अंतर मालकाच्या खुषीचें नव्हे. भर हंगामांत कोणी आपण होऊन गाडी उभी ठेवीत नाहीं.

दोन काळांविषयीं मात्र सावध असावें. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेले कागद महामारीमुळें ग्राह्य धरण्याचे केंद्राचे आदेश वेळोवेळां वाढत जाऊन २०२१ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत तरी चालले. त्या काळांतील अंतरास अर्थ नाहीं. दुसरें असें कीं, डिसेंबर २०१६ च्या नियमांनीं उशिराच्या दर दिवसास ५० रुपये जादा शुल्क बसविलें, पण महाराष्ट्रांत त्याची वसुली एकसारखी झाली नाहीं. त्यामुळें ह्या शुल्काच्या पावतीवरून उशिराचे दिवस मोजणें धोक्याचें आहे, तारखाच मोजाव्या.

रस्त्याचा विचारहि सोडूं नये. अमरावती-अकोला मार्गावरील ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला व गिनीजच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली. त्यापूर्वीं बरींच वर्षें तो मार्ग खाचखळग्यांसाठींच प्रसिद्ध होता. त्या वर्षांतील अकोल्याच्या मालमोटारीचे पाटे तुटले असतील तर दोष गाडीच्या वयास देण्यापूर्वीं रस्ता आठवावा. गाड्यांस दरसाल परीक्षा आहे. रस्त्यांस ती असती तर किती उतरले असते, हा विषय निराळा.

पुढचे कागद निराळ्या तऱ्हेचे होणार, अशीं चिन्हें आहेत. सप्टेंबर २०२१ मध्यें केंद्रानें स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. तेथें ब्रेकचा जोर रुळांवर चाक फिरवून यंत्र मोजतें आणि आंकडा नोंदला जातो. अशीं केंद्रें जेथें झालीं तेथें पुढील संशोधकास 'उतरली' ह्या एका शब्दाऐवजीं आंकडे मिळतील, व नापासाचीहि नोंद यंत्रांत राहील. परंतु त्यापूर्वींच्या गाड्या आतां झपाट्यानें मोडींत जात आहेत. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढें चालू ठेवली जात नाहीं. खाजगी मालकहि जुनी मॅटेडोर भंगारांत देतो तेव्हां तिचे कागद कार्यालयांत जमा करतो किंवा रद्दींत घालतो.

संग्राहकांस ह्याकरितां विनंती अशी कीं, गाडी मोडींत निघते असें कळतांच तिच्या कप्प्यांतील पुडकें, मालकाच्या संमतीनें, सबंध मागून घ्यावें. निवड करूं नये. प्रमाणपत्रें कोणीहि जपतो. आपणांस हवीं आहेत तीं नकाराचीं टिपणें, गॅरेजचीं बिलें आणि चेसिसच्या छापा. छाप पेन्सिलीची असल्यामुळें घांसून पुसट होते. शाईच्या ठशाप्रमाणें तिच्यावर पातळ कागद घालून ती सपाट ठेवावी, घडी घालूं नये. धुराच्या तपासणीच्या अलीकडच्या पट्ट्या पुष्कळदां उष्णतेनें उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात, व अकोल्याच्या उन्हाळ्यांत त्यांवरील अक्षरें एकदोन वर्षांत उडून कागद कोरा होतो. अशी पट्टी हातीं येतांच तिची नक्कल त्याच दिवशीं करून ठेवावी.