विहीर, पालेभाजी आणि नायट्रेटचा हिशेब

सोरा हा पदार्थ आपल्या लोकांस बंदुकीच्या दारूमुळे पूर्वापार ठाऊक आहे. रसायनशास्त्रात त्यास पोटॅशियम नायट्रेट म्हणतात. हेच नायट्रेट विहिरीच्या पाण्यात विरघळलेले असते आणि माठ-पालकासारख्या भाज्यांच्या पानादेठांत साठलेले असते. पाण्यात त्यास रंग नाही, वास नाही. मनुष्याच्या पोटात ते रोज किती जाते, हे मोजण्याचा इतिहास फार जुना नाही. परंतु वैनगंगेच्या दोन तीरांवरील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांनी तो समजून घ्यावा, असे आम्हास वाटते.

या इतिहासाचा आरंभ तान्ह्या मुलांपासून होतो. 1945 साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात हंटर कॉमली या डॉक्टरांनी दाखवून दिले, की विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी काही अर्भके निळसर पडतात. पोटातील जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात. ते रक्तातील लोहाचे रूप पालटते आणि रक्तास प्राणवायू वाहून नेता येत नाही. 1951 साली वॉल्टन यांनी अमेरिकेतील अशा शेकडो रुग्णांची माहिती एकत्र केली. दर लिटरास 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी नायट्रेट-नायट्रोजन असलेल्या पाण्याने आजारी पडलेले मूल त्यात आढळले नाही. नायट्रेटच्या वजनात हा आकडा सुमारे 45 भरतो. भारतीय मानक संस्थेच्या 2012 च्या मानकातही तीच मर्यादा आहे, आणि तीत सवलत नाही.

मग प्रौढांचा प्रश्न पुढे आला. 1956 साली मॅगी व बार्न्स यांना एका नायट्रोसामीनमुळे उंदरांच्या यकृतात अर्बुदे होतात असे आढळले. नायट्राइटपासून अशी द्रव्ये पोटात बनू शकतात, हे कळल्यावर केवळ पाण्याचा नव्हे, तर सबंध आहाराचा हिशेब आवश्यक झाला. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने 2002 साली कायम केलेले प्रमाण असे : शरीराच्या दर किलो वजनास रोज 3.7 मिलिग्रॅम नायट्रेट आणि 0.07 मिलिग्रॅम नायट्राइट. तीन महिन्यांच्या आतील अर्भकास हे प्रमाण लागू नाही.

आता आपल्याकडे वळू. भारतात आहारमापनाची परंपरा कुन्नूरच्या प्रयोगशाळेपासूनची आहे. 1972 साली राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो स्थापन झाल्यावर घरोघरचे अन्न पद्धतशीर तोलले जाऊ लागले. ही तोलाई मुख्यतः उष्मांक, प्रथिने, लोह यांच्यासाठी होती. तोच तराजू नायट्रेटसाठी वापरावयाचा, तर या भागात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली ही, की भाताच्या मुलखात पाणी पिण्यात येते तसे खाण्यातही येते. भात, आंबील, जावा यांत मुरलेले विहिरीचे पाणी हिशेबात धरलेच पाहिजे. उलट, भाजी उकडून पाणी फेकले, तर भाजीतील बरेच नायट्रेट त्याबरोबर जाते. दुसरी गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात रानभाज्या मुबलक, उन्हाळ्यात पाणी अधिक. एका दिवसाच्या मोजणीवरून वर्ष सांगता येत नाही. तिसरी अशी, की शोषलेल्या नायट्रेटचा काही भाग लाळेतून पुन्हा तोंडात येतो व जिभेवरील जंतू त्याचे नायट्राइट करतात. म्हणून नायट्राइटचा हिशेब ताट तोलून पुरा होत नाही.

एक उदाहरण घेऊ. 50 किलो वजनाच्या माणसास दिवसाची मर्यादा 185 मिलिग्रॅम. समजा विहिरीच्या लिटरभर पाण्यात 90 मिलिग्रॅम नायट्रेट आहे आणि तो तीन लिटर पाणी पितो. नुसत्या पाण्यानेच 270 झाले. शेजारच्या माणसाने चांगले पाणी प्यावे आणि पालेभाजी भरपूर खावी, तर त्याचीही बेरीज मर्यादेपलीकडे जाऊ शकते. कागदावर दोघे सारखेच दोषी ठरतात. परंतु भाजीबरोबर क जीवनसत्त्व येते, आणि ते नायट्रोसामीन बनण्यास अटकाव करते. विहिरीच्या पाण्यापाशी असे काही नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2008 साली हाच निर्वाळा दिला, की भाजीपाल्याचा लाभ त्यातील नायट्रेटच्या धोक्याहून मोठा आहे.

म्हणून नुसत्या बेरजेवर निकाल देणे धोक्याचे आहे. तसे केले, तर ज्या घरात दूध दुर्मिळ आणि फळ महाग, तेथील तरोटा, अंबाडी, माठ यांवरच कुऱ्हाड पडेल. आणि लोह व जीवनसत्त्वे गमावतील ती आई आणि मुले. चंद्रपूर जिल्ह्यातील काही विहिरींच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलेले आहे. शौचखड्डे, गोठे, उकिरडे आणि शेतातील खत यांतून ते झिरपते. पाणी उकळून ते जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. तेव्हा विहिरीपासून खड्डा व उकिरडा दूर ठेवणे, पाणी तपासून घेणे आणि तान्ह्यास आईचेच दूध देणे, हे उपाय आधी. पानातील भाजीस हात लावण्याची गरज नाही.