मातीच्या कबुतराची कुळकथा

जळगावहून अजिंठ्याला निघालं की वाटेत पहूर लागतं. वाघूर नदीच्या या खोऱ्यातली काळी जमीन कापसाची आणि ज्वारीची. ज्वारीचं कणीस भरू लागलं की पाखरांच्या झुंडी उतरतात. त्यांना हाकायला शेतात माळा उभारायचा आणि वरून गोफण फिरवायची, ही खानदेशातली जुनी रीत. गोफणीत दगडाचा गुंडा घालायचा, नाहीतर वाळवलेल्या मातीचा गोळा. गलोलीला तर मातीच्याच गोळ्या. माती फेकायची आणि पाखरू उडवायचं, असा हा हिशोब होता. क्ले पिजन शूटिंग नावाच्या खेळात तोच हिशोब उलटा झाला. तिथे मातीचंच पाखरू करून हवेत उडवलं आणि बंदुकीचा नेम त्याच्यावर धरला.

या पाखराचा मूळपुरुष मात्र जिवंत होता. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कबुतरांवर नेम धरण्याच्या पैजा लागू लागल्या. जमिनीत खळगा करून त्यात कबुतर ठेवायचं, वर जुनी हॅट पालथी घालायची आणि दुरून दोरी ओढायची. हॅट उलटली की पक्षी उडे आणि बार निघे. लंडनच्या पश्चिमेला ईलिंग इथला एक पब या खेळासाठी इतका गाजला की त्याचं नावच ‘ओल्ड हॅट्स’. पुढे हॅटच्या जागी झाकणाची पेटी आली. तिला ‘ट्रॅप’ म्हणत आणि झाकणाची दोरी ओढण्यासाठी ‘पुल’ असा हुकूम देत. आज पेटीही नाही आणि दोरीही नाही, तरी ट्रॅप हे खेळाचं नाव आहे आणि नेमबाज अजून ‘पुल’ म्हणतो.

लंडनचा प्रतिष्ठित हर्लिंगहॅम क्लब 1869 मध्ये निघाला तो कबुतरं मारण्यासाठीच. त्याच्या बोधचिन्हावर अजून कबुतर आहे, पण गोळीबार 1905 मध्ये थांबला. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरांची स्पर्धा झाली. बेल्जियमच्या लेऑन द लुंडेनने 21 पक्षी पाडून ती जिंकली. त्या एका स्पर्धेत सुमारे तीनशे कबुतरं मेली. ब्रिटनने 1921 मध्ये कायदा करून हा प्रकार बंद केला.

पण मातीचं कबुतर केवळ भूतदयेतून जन्मलं असं म्हणता येणार नाही. जिवंत पक्षी महाग पडे, मोसमावर अवलंबून असे आणि प्रत्येकाची भरारी वेगळी असे. एकाच्या वाट्याला सुस्त कबुतर, दुसऱ्याच्या वाट्याला चपळ. मग पैज बरोबरीची कशी व्हायची? अमेरिकेत तर पक्षीच संपत आले होते. तिथले पॅसेंजर पिजन एके काळी आभाळ झाकून टाकत. जाळ्यात धरून ते मांसासाठी आणि नेमबाजीच्या स्पर्धांसाठी हजारोंनी पाठवले जात. त्या जातीचा शेवटचा ज्ञात पक्षी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

जिवंत पक्ष्याला पहिला पर्याय आला तो काचेच्या गोळ्याचा. या गोळ्यांत कधी पिसं भरत, म्हणजे फुटल्यावर पक्षी लागल्याचा भास होई. ॲडम बोगार्डस या नामांकित अमेरिकन नेमबाजाने 1877 मध्ये गोळे उडवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पण गोळा चेंडूसारखा वर जाऊन खाली येई. त्याला पाखराची झेप नव्हती. शिवाय शेतभर काचांचा खच पडे.

तोड काढली सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीने. पोरं पाण्याच्या पृष्ठभागावरून शिंपले भिरकावताना पाहून त्याला चपट्या तबकडीची कल्पना सुचली, असं सांगतात. 1880 मध्ये त्याने भाजलेल्या मातीच्या बशीचं पेटंट घेतलं. यंत्राच्या दांडीतून सुटताना ही बशी स्वतःभोवती गरगर फिरे. त्या गिरकीमुळे ती हवेत तोल न जाता तरंगत लांबवर जाई. पण ती फार कडक भाजलेली असे. छर्रा लागला तरी कधीकधी नुसती घंटेसारखी वाजून पुढे निघून जाई. मग मातीऐवजी डांबरासारखी राळ आणि चुनखडीची पूड यांचं मिश्रण वापरात आलं. ते फेकताना टिकतं आणि दोनतीन छर्रे लागले तरी फुटतं. आजची तबकडी 110 मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे 105 ग्रॅम वजनाची असते. नावात माती उरली. तबकडीतून ती केव्हाच गेली.

या तबकडीने दोन मुख्य खेळ घडवले. ट्रॅपमध्ये नेमबाजापुढे 15 मीटरवर खंदक असतो आणि त्यात 15 यंत्रं असतात. कुठल्या यंत्रातून, कुठल्या कोनात तबकडी सुटेल हे आधी कळत नाही. ती नेमबाजापासून दूर पळत जाते. स्कीटमध्ये दोन घरं असतात, एक उंच आणि एक बुटकं. तबकडी आडवी जाते आणि मार्ग ठरलेला असतो, पण ती दिसेपर्यंत बंदूक कमरेपाशीच ठेवावी लागते. स्कीटची आखणी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी चार्ल्स डेव्हिस या शिकाऱ्याने सरावासाठी केली. आधी ते पूर्ण वर्तुळ होतं. शेजाऱ्याने कोंबड्या पाळल्या आणि छर्रे तिकडे जाऊ नयेत म्हणून वर्तुळाचं अर्धवर्तुळ झालं. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून स्कीटही ऑलिंपिकमध्ये आहे.

आपल्याकडे बंदूक आधी शिकारीला आली. 1819 मध्ये अजिंठ्याची लेणी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली तीही वाघाच्या शिकारीत. खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम शिकारीसाठीही प्रसिद्ध होता. त्या काळी कुणाला मातीच्या पक्ष्याची गरज वाटली नसती. ती गरज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणली. शिकारीची बंदूक चालवायची तर आता तबकडीवरच.

खेळाची संघटना मात्र त्याआधीच उभी होती. 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची पायरी आहे. सुरुवातीचे तारे राजघराण्यांतले. बिकानेरचे करणी सिंह यांनी 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं. 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकला राज्यवर्धन राठोड या लष्करी अधिकाऱ्याने डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन तबकड्या सुटणाऱ्या ट्रॅपमध्ये, रौप्य जिंकलं. 2018 मध्ये चांगवॉनला कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवणारी मनीषा कीर भोपाळजवळच्या गावातल्या मासेमार कुटुंबातली. मध्य प्रदेशच्या सरकारी अकादमीने तिला घडवलं. राजवाड्यातला खेळ तलावाकाठच्या घरात पोचला तो असा.

महाराष्ट्राचं नाव मोठं आहे ते रायफलमध्ये. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे ही त्यातली नावं. तबकडीचा खेळ इथे रुजला नाही, कारण त्याला मोकळं विस्तीर्ण मैदान, यंत्रं आणि दर फेरीला काडतुसं लागतात. एअर रायफल दहा मीटरच्या बंद खोलीतही चालते.

पहूरच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हा खेळ शिकायचा असेल, तर पहिली गोष्ट ही की पक्ष्याकडे पाहायचं, नळीकडे नाही. तबकडी ताशी 80 किलोमीटरने आडवी जात असेल तर सेकंदाला 22 मीटर कापते. तीस मीटरवर पोचायला छर्ऱ्यांना जवळपास दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात ती दोन मीटर पुढे गेलेली असते. म्हणून नेम ती आहे तिथे नाही, ती जिथे असेल तिथे धरायचा. चाप ओढल्यावरही बंदूक फिरती ठेवायची. हात थांबला की छर्रे मागे पडतात. आपला कोणता डोळा प्रबळ आहे ते आधी तपासायचं. दुनाळीचा दस्ता दर वेळी गालाला आणि खांद्याला एकाच जागी टेकला पाहिजे. हा सराव रिकाम्या बंदुकीने, प्रशिक्षकासमोर करता येतो. कानाला संरक्षक, डोळ्यांवर चष्मा आणि आपली पाळी येईपर्यंत बंदूक मोडून उघडी, यात सूट नाही.

आणि शेवटी परवान्याची गोष्ट. शस्त्र कायद्यानुसार साधारणपणे 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणून आधी बंदूक घेण्याच्या मागे लागू नका. शॉटगनची रेंज असलेल्या मान्यताप्राप्त क्लबात जा, क्लबच्या बंदुकीने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पहिल्या काही फेऱ्या मारा. भुसावळहून भोपाळला थेट रेल्वे आहे. खानदेशातल्या होतकरूला चौकशी सुरू करायला ते शहर सोयीचं.

जीव न घेता नेमाची परीक्षा घेता यावी, ही या तबकडीने केलेली मोठी सोय आहे. तिचा लाभ जिल्ह्याच्या ठिकाणी मिळायचा असेल, तर क्रीडा खात्याने उत्तर महाराष्ट्रात निदान एक ट्रॅपचं मैदान उभारलं पाहिजे.